ओहोटी नसलेला दर्या

पेलिकन पॉइंटमधला प्लॉट राजेश तांडेलने न बघता घेतला होता आणि त्याबद्दल त्याला स्वतःचं फार कौतुक होतं. एरवी साधा टोस्टर घ्यायचा तरी हा माणूस तीन आठवडे रिव्ह्यू वाचायचा. ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत त्याची ख्याती होती की तांडेलच्या नजरेतून चूक सुटत नाही. पण जमीन त्याने घेतली ती एका रंगीत ब्रोशरवर आणि दोन फोनवर. ब्रोशरमध्ये निळंशार पाणी होतं, पांढरीशुभ्र वाळू होती आणि होडीत उभा राहून एक म्हातारा हातभर मासा वर धरून हसत होता. खाली लिहिलं होतं, वाळवंटातला समुद्र, कोळ्यांचं जुनं गाव, नव्या घरांची पहिली रांग. कॅलिफोर्नियातलं ठिकाण, पण चँडलरहून गाडीने पाचच तास. राजेशला आईसाठी समुद्र हवा होता आणि ॲरिझोनात तो औषधालाही मिळत नाही.

आई म्हणजे सरलाबाई. रेवदंड्याच्या पुढे एका कोळीवाड्यात चाळीस वर्षं टोपली डोक्यावर घेऊन म्हावरं विकलेली बाई. नवरा विष्णू गेला आणि ती घरात एकटी उरली. मागच्या पावसाळ्यात मोरीत पाय घसरून पडली, ती दुसऱ्या दिवशी शेजारणीने दार ढकलेपर्यंत तशीच पडून होती. राजेशने हे फोनवर ऐकलं तेव्हा तो मीटिंगमधून उठून पार्किंगमध्ये गेला आणि गाडीत बसून ढसाढसा रडला. पण "इकडे राहायला ये" म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "तुझ्याकडं दर्या हाय? नाय ना? मग मी येऊन करू काय, नळाचं पाणी बघत बसू?"

शेवटी गेल्या डिसेंबरात गावी गेल्यावर राजेशने जे केलं ते कुणी दुसऱ्याने केलं असतं तर त्यानेच त्याला चार शिव्या हासडल्या असत्या. किनाऱ्यालगतची सहा घरं एका बिल्डरला रिसॉर्टसाठी हवी होती. पाच जणांनी होकार दिला होता, सहावं घर सरलाबाईंचं. राजेशने आईला अलिबागला वकिलाकडे नेलं, "व्हिसाचे कागद आहेत" म्हणून सांगितलं आणि घर विकायच्या कुलमुखत्यारपत्रावर तिची सही घेतली. सरलाबाईंनी चष्मासुद्धा लावला नाही. पोटच्या पोराने पुढे केलेला कागद कोण वाचतं? एप्रिलमध्ये ती अमेरिकेला आली. जूनमध्ये बिल्डरने घर पाडलं.

तिचं परतीचं तिकीट ऑक्टोबरचं होतं. त्याआधी तिला हा नवा दर्या दाखवायचा, तो तिला आवडायचा, "इथंच राहते" असं तिने आपणहून म्हणायचं आणि मग घराचं हळूच सांगायचं, असा राजेशचा बेत होता. बायकोला, मृणालिनीला, त्याने सांगून ठेवलं होतं की आईला सगळं ठाऊक आहे, फक्त तो विषय काढलेला तिला आवडत नाही. मृणालिनी बिचारी पुण्याची, सरळ मनाची. तिने तो कधी काढला नाही.

त्या वर्षी, दोन हजार पाच साली, नारळी पौर्णिमा शुक्रवारी आली. राजेशने सुट्टी टाकली. मृणालिनीने इंडियन स्टोअरमधून शेंडीचा नारळ आणला आणि वाढदिवसाच्या गिफ्टचा सोनेरी कागद त्याला गुंडाळला. सरलाबाई गाडीच्या पुढच्या सीटवर हिरवं लुगडं नेसून, केसात अबोलीचा म्हणून कापडी गजरा माळून, नारळ मांडीवर घेऊन बसल्या. पाच तास त्यांनी तो खाली ठेवला नाही.

"आई, मागे ठेवा ना, कूलरमध्ये," मृणालिनी म्हणाली.

"फ्रिजातला नारळ दर्याला देतात का?" सरलाबाई म्हणाल्या. तो विषय तिथे संपला.

गाव आलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. राजेशने खिडकी जराशी खाली केली आणि पटकन वर घेतली. बाहेर भट्टी पेटली होती आणि त्या धगीत सडक्या अंड्यांचा वास होता. एक मोटेल होतं, त्याचा स्विमिंग पूल कोरडा पडलेला आणि त्यात टायर टाकलेले. गंजलेले ट्रेलर, काच फुटलेला पेट्रोल पंप, पाण्यात अर्धी बुडालेली विजेच्या खांबांची रांग. गावाच्या टोकाला मात्र नव्या डांबराचे झकास रस्ते. त्यांना मार्लिन लेन, डॉल्फिन ड्राइव्ह अशी नावं. कोपऱ्याकोपऱ्यावर झेंडे फडफडत होते. रस्त्यांवर घरं मात्र तीनच. बाकी सगळं उघडं माळरान, आणि त्यात गुलाबी फिती बांधलेल्या खुंट्या.

"यार राजेश," मृणालिनी हळूच म्हणाली, "आपला प्लॉट यातलाच?"

"एकशेचौदा नंबर," राजेश म्हणाला. "डेव्हलप होतंय गं. टाइम लागतो."

सरलाबाईंचं लक्ष खुंट्यांकडे नव्हतंच. लांबवर पाणी चमकत होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता आणि पांढऱ्या पेलिकनांचा थवा त्यावर उतरत होता. चार महिन्यांत पहिल्यांदा राजेशने आईचा चेहरा उजळलेला पाहिला.

किनाऱ्यावर वाळू खरोखरच पांढरीशुभ्र होती. ब्रोशर तेवढ्यापुरतं खरं बोललं होतं. सरलाबाईंनी सणाचा दिवस म्हणून चपला काढल्या आणि पाऊल टाकलं. कर्रर्र आवाज झाला. दुसरं टाकलं, पुन्हा तोच. त्या थांबल्या, वाकल्या, मूठभर उचलून डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ बोटाने चाळत राहिल्या.

"राजू, हात पुढं कर."

त्याने केला. तिने ती मूठ त्याच्या तळव्यावर रिकामी केली.

"ही वाळू नाय," ती म्हणाली. "हा मणका. हे कल्ल्याचं हाड. हा पाठीवरचा काटा. सगळं म्हावरं हाय, राजू. आपण म्हावऱ्याच्या हाडांवर उभं हावोत."

राजेशने हातातलं झटकून टाकलं. मग मान वर करून पाहिलं. उजवीकडे, डावीकडे, नजर जाईल तिथवर किनारा पांढरा होता. मृणालिनी एव्हाना मागच्या मागे डांबरी रस्त्यावर जाऊन उभी राहिली होती आणि ओढणीने तोंड दाबून धरलं होतं.

तो कोळ्याचा पोर होता. बापाच्या होडीत लहानाचा मोठा झालेला. बोंबील, मांदेली, घोळ यांचे काटे त्याला डोळे मिटून ओळखता येत होते. आणि त्याने हा ढीग फोटोत पाहून वाळू समजून विकत घेतला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काठावर एक टपरीवजा दुकान होतं. बर्फ, बिअर आणि गळाला लावायची गांडुळं विकणारं. त्याचा मालक अर्ल नावाचा सत्तरीपुढचा माणूस, दोरीसारखा वाळलेला, दारातच खुर्ची टाकून बसला होता. त्याने न मागता तिघांना थंड पाणी दिलं आणि न विचारता गावाची कुंडली मांडली. एकसष्ट साली तो आला तेव्हा शनिवार-रविवारी इथे शेकड्याने होड्या यायच्या, शर्यती लागायच्या, नाचगाणी चालायची. मग पाणी चढलं आणि धक्का, क्लब, निम्मं गाव गिळून बसलं. मग पाणी उतरलं. लोक गेले ते गेलेच. आता दोन वर्षांपासून पुन्हा झेंडे लागले होते. लॉस एंजेलिसचे आणि फिनिक्सचे लोक घरबसल्या प्लॉट घेत होते.

"बघायलासुद्धा येत नाहीत," अर्ल म्हणाला आणि खो खो हसला. राजेशनेही कसंबसं हसून घेतलं.

"त्याला विचार, भरती कधीची," सरलाबाई म्हणाल्या. "पुनव हाय, मोठी भरती असंल. नारळ ओहोटीला सोडायचा, म्हणजे आत जातो."

राजेशने विचारलं. अर्लला प्रश्न दोनदा विचारावा लागला.

"टाइड?" तो म्हणाला. "नो टाइड, सन. शंभर वर्षांपूर्वी कालवा फुटला आणि नदी या खड्ड्यात येऊन पडली. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. नाव समुद्र, पण आहे तळं."

ब्रोशर आल्यापासून राजेशने शाळा विचारल्या होत्या, विजेची लाइन विचारली होती, जवळचं हॉस्पिटल विचारलं होतं. समुद्राच्या काठी जागा घेताना कोळ्याच्या घरातलं शेंबडं पोरही जे पहिलं विचारेल ते विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं. आईने त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"तलाव हाय होय?" ती म्हणाली. "तू मला पाच तास गाडीत बसवून तलाव दाखवायला आणलंस?"

मग ती पाण्याकडे गेली. ओंजळ भरली, जिभेला लावली आणि थुंकली. परत आली तेव्हा तिचा सूर बदलला होता.

"खारं हाय. आपल्यापेक्षा जास्त खारं. म्हणजे दर्याच हाय, पण आजारी हाय." तिने नारळावरचा कागद नीट केला. "आजारी हाय म्हणून सणाला उपाशी ठेवायचा का त्याला? आज आपल्याशिवाय कोण देणार हाय त्याला नारळ?"

संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिने पाण्यात गुडघाभर जाऊन पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, साखर सोडली, काहीतरी पुटपुटली आणि नारळ पाण्यात लोटला. नारळ तिथेच डुचमळत राहिला. तिने पुन्हा लोटला, तो पुन्हा तिच्या पायाशी आला. अर्ल लांबून बघत होता. त्याला काय समजलं कुणास ठाऊक, पण त्याने डोक्यावरची टोपी काढली, आपली पत्र्याची होडी ओढत आणली, नारळ दोन्ही हातांनी उचलून घेतला आणि पार आत नेऊन सोडून आला. सरलाबाईंनी त्याला हात जोडले. त्यानेही जोडले, वेडेवाकडे.

रात्रीच्या मुक्कामाला घेतलेल्या त्या मोटेलच्या व्हरांड्यात तिघं घरून आणलेला नारळीभात खायला बसले तेव्हा गरम वारा सुटला होता. खांबांवरचे दिवे हलत होते. सरलाबाई खुशीत होत्या.

"तो म्हातारा भला हाय," त्या म्हणाल्या. "आणि पाणी दिसतंय सकाळी उठल्यावर, ते काय कमी हाय? एक खोली बांध इथं. थंडीत दोन महिने येऊन राहीन तुझ्यासाठी. बाकी मग आपलं घर हायच."

मृणालिनीने चमकून राजेशकडे पाहिलं. राजेशने भाताचा घास तोंडात कोंबला. आत्ता सांगावं, तो स्वतःला म्हणाला. ती खुशीत आहे, आत्ताच सांगावं. मग म्हणाला, उद्या सकाळी. इतक्या वर्षांत आईने प्रथमच इथे राहायचं नाव काढलं होतं आणि तो क्षण नासवायचा धीर त्याला झाला नाही.

सकाळी सहाला त्याला जाग आली ती वासाने. कालचा वास याच्यापुढे काहीच नव्हता. हा वास घशात बसत होता. आईची खाट रिकामी होती आणि दार सताड उघडं होतं. तो तसाच अनवाणी धावला.

काठाशी पाणी दिसतच नव्हतं. काल जिथे पाणी होतं तिथे मासे होते. हजारांनी, लाखांनी, किती ते मोजणाराही दमेल इतके. टिलापिया, तळव्याएवढे आणि हाताएवढे, एकावर एक, पोट वर करून, तोंडं उघडी टाकून. कुठे कुठे एखादं शेपूट फडफडत होतं. आणि त्यांच्या मधोमध सरलाबाई उभ्या होत्या. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, हात कोपरापर्यंत चिकट झालेले. वाकून त्या एकेक मासा चाचपत होत्या, कल्ला उघडून बघत होत्या, आणि जिवंत सापडला की धावत आत जाऊन पाण्यात टाकत होत्या. जन्मभर मासे पाण्याबाहेर काढून पोट भरलेली बाई मासे पाण्यात परत टाकत होती. टाकलेला मासा दोन हात जायचा, उलटा व्हायचा आणि तरंगत परत यायचा.

"आये!" राजेश ओरडला. "आये, सोड ते! बाहेर ये!"

तिने वळून पाहिलं. असा चेहरा त्याने बाप गेला तेव्हाही पाहिला नव्हता.

"मी काय चुकले रे?" ती म्हणाली. "नारळाला काय खोट होती? सकाळी उठून बघते तर समदा दर्या मेला. माझ्या हातनं काय झालं?"

मागून अर्ल आला, मृणालिनी आली. अर्ल सांगत होता की ऑगस्टात हे असं होतंच, उकाड्यात वारा सुटला की तळाचं विषारी पाणी वर येतं, माशांचा श्वास कोंडतो, यात कुणाचा दोष नाही. राजेशने ते सगळं मराठीत सांगितलं. दोनदा सांगितलं. सरलाबाईंनी ऐकलं, पण ते त्यांच्या आत गेलं नाही.

"मला घरी ने," त्या म्हणाल्या. "तिकीट बदल. आजच्या आज फोन कर. मी आपल्या दर्याला नारळ देते, त्याच्या पाया पडते. परक्या पाण्यात हात घातला मी, आपलं पाणी सोडून. मला घरी ने, राजू."

"आई, पण घर तर..." मृणालिनी बोलून गेली आणि थांबली. तिने राजेशकडे पाहिलं. "राजेश? तू सांगितलंच नाहीस त्यांना? ओ माय गॉड. तू मला म्हणालास, आईंना माहितीये!"

आता पळायला जागा नव्हती. राजेशचे पाय हाडांत रुतले होते आणि घोट्यांना मेलेले मासे लागत होते. त्याने सांगितलं. व्हिसाचे म्हणून दाखवलेले कागद, अलिबागचा वकील, बिल्डर, जूनमधला तो दिवस. सांगताना तो तिच्या मोरीत पडण्याचंही बोलला, काळजीचंही बोलला, आणि बोलता बोलता त्याला स्वतःचाच संताप आला, कारण त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं आणि तरीही ते ऐकवत नव्हतं.

सरलाबाईंच्या हातात एक मासा होता. तो त्यांनी खाली ठेवला, टाकला नाही.

"पाडलं म्हणजे, भिंती?" त्यांनी विचारलं.

"सगळं, आये."

"दारापुढचा ओटा?"

"सगळंच."

त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. बाजारात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव आठवत नाही, तशा. मग म्हणाल्या, "असं कसं? शुभा तर मला दर रविवारी सांगते."

शुभा म्हणजे आई मोरीत पडली तेव्हा दार ढकलणारी शेजारीण, मागच्या आळीतली, सरलाबाईंच्या बरोबरीने बाजारात बसणारी. "आईला घराचं काही बोलू नका," एवढंच राजेशने तिला सांगितलं होतं. पुढे त्या दोघी रविवारी तासभर काय बोलतात ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

"काय सांगते?"

"ओटा झाडला म्हणून. मी विचारते, ती सांगते. मी आल्यापासनं दर रविवारी, जूननंतरपण." त्यांनी हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले. "फोन लाव."

"आये, आत्ता नको."

"तिकडं आता सांज झाली असंल. ती घरीच असणार. लाव."

राजेशने खिशातून मोबाइल आणि परदेशी फोनचं कॉलिंग कार्ड काढलं. नंबर दाबून फोन आईच्या हातात दिला. घंटी वाजली आणि पलीकडून शुभाचा बाजारात कमावलेला आवाज आला, इतका खणखणीत की फोन आईच्या कानाला असूनही शेजारी उभ्या राजेशला शब्द न् शब्द ऐकू आला.

"सरले! आज कसा काय फोन? सण केलास का गं तिकडं?"

"केला," सरलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "शुभे, ओटा झाडलास का?"

शुभा म्हणाली, "झाडला गं. आत्ताच झाडून आले. सणाचं म्हणून सारवलाही, वर रांगोळी काढली. तुझा ओटा लखलखीत हाय बघ. तू काळजी करू नको."

राजेशने डोळे मिटून घेतले. आता आई ओरडेल, त्याला वाटलं. ओरडावं तिने, शिव्या द्याव्यात, त्या खोट्याला तिथल्या तिथे फाडून टाकावं.

"बरं केलंस," सरलाबाई म्हणाल्या. "दिवापण लाव." आणि त्यांनी फोन त्याच्या हातात परत दिला.